अपंगत्व पेन्शन नाकारली तर अपील कसं करायचं
आपल्या बीड, लातूर, नांदेडकडचे लई माजी सैनिक रेकॉर्ड ऑफिसचं (सैनिकांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) नकाराचं पत्र आलं की कागद ट्रंकेत टाकून गप बसायलेत, तसं करू नका भाऊ. आधी पत्राची तारीख बघा, पहिलं अपील सहा महिन्यांत गेलं पाहिजे.

नकाराचं कारण बहुतेक एकच असतं, आजार नोकरीमुळं झाला नाही आणि नोकरीनं वाढलाही नाही. उत्तर द्यायला रिलीज मेडिकल बोर्डाची (नोकरी सोडताना झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची) कॉपी लागतेच, नसेल तर आरटीआय टाका. भरतीच्या मेडिकलमध्ये त्या आजाराची नोंद नसेल तर तेच तुमचं मोठं बळ, कारण सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात म्हटलंय की अशा वेळी आजार नोकरीतच जडला असं धरायचं, तसं नाही हे सरकारनं दाखवायचं. पोस्टिंग कुठं होती, त्रास कधी सुरू झाला, सगळं तारखेसकट लिहा. (सप्टेंबर २०२३ नंतर रिटायर झालेल्यांना नवे नियम लागतात, त्यांनी आधी विचारून घ्या.)

परत नकार आला तर सहा महिन्यांत दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं (सैनिकांच्या नोकरीची प्रकरणं ऐकणारं कोर्ट) मुंबई खंडपीठ. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि पोच घेतल्याबिगर एकही कागद देऊ नका.