कालवड गोठ्यात वाढवली तर किती रुपयांना पडते?

डेअरीला दूध घातलं की दर दहा दिवसांनी पगार हातात येतो. कालवडीचं, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण गायीचं, तसं नाही. जन्मल्यापासून पहिल्या वेतापर्यंत (पहिल्यांदा विईपर्यंत) दोन वर्षं ती एक रुपया देत नाही, आणि तिचा खर्च रोज थोडाथोडा होत असल्याने डोळ्यांवर येत नाही. म्हणून "घरची कालवड फुकटात पडते" असं अनेकजण धरून चालतात. कागदावर मांडलं की कळतं, चांगली संकरित कालवड लाखाच्या आसपास जाते. ती लाखाच्या आत ठेवायची की सव्वा लाखावर न्यायची, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: चारा कुठून येतो आणि पहिलं वेत कितव्या महिन्यात होतं.

इथे उदाहरणाला होल्स्टिन संकरित कालवड घेतली आहे. जन्मवजन ३० किलो, तीन महिन्यांना ७५, सहा महिन्यांना १२५, सोळाव्या महिन्याअखेर साधारण २७५ किलो होऊन गाभण, आणि २५ महिन्यांत वेत. म्हणजे एकूण ७६० दिवस. सगळे भाव हिशेब दाखवण्यापुरते धरले आहेत. तिथे आपल्या गावचे भाव घाला, पद्धत तीच राहील.

सुरुवातीला प्रत्येक वस्तूचा भाव किलोवर आणा. कडबा (ज्वारीची वाळलेली ताटं) शेकड्यावर विकला जातो, मका गुंठ्यावर किंवा टनावर, पेंड पोत्यावर. हे असेच ठेवले तर बेरीज जमत नाही. कडब्याच्या दहा पेंढ्या वजनकाट्यावर टाका. पेंढी सरासरी अडीच किलोची निघाली आणि शेकडा २,००० रुपयांना मिळाला, तर किलोला ८ रुपये. हिरव्या मक्याचंही तसंच: एक गुंठा कापून वजन करा, बियाणं, खत, पाणी, मजुरी मिळून त्या गुंठ्याला आलेला खर्च त्या वजनाने भागा. उन्हाळ्यात हिरवा चारा मिळत नाही आणि मुरघास (हवाबंद मुरवून साठवलेला हिरवा चारा) घ्यावा लागतो, तेव्हा वर्षाचा सरासरी भाव धरा. फक्त पावसाळ्यातला भाव धरून केलेला हिशेब मार्चमध्ये कोलमडतो.

आता खाद्याचे चार टप्पे.

पहिले तीन महिने दुधाचे. पहिले चार दिवस चीक. तो डेअरी घेत नाही, त्याची किंमत शून्य धरा. पुढचे २६ दिवस रोज ४ लिटर, नंतर महिनाभर ३, मग पंधरा दिवस २ आणि शेवटचे पंधरा दिवस १ लिटर. बेरीज २३९ लिटर. ३२ रुपयांनी ७,६४८ रुपये. दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर (वासरांचं सुरुवातीचं कोरडं खाद्य) समोर ठेवायचं, तीन महिन्यांत सुमारे ३५ किलो लागतं. ३६ रुपयांनी १,२६०. कोवळा चारा ३०० रुपयांचा. टप्प्याची बेरीज ९,२०८. दूध तोडताना तारीख पाहू नका. वासरू रोज किलोभर स्टार्टर खायला लागलं की तोडा.

मिल्क रिप्लेसर (दुधाऐवजी पाण्यात कालवून पाजायची पावडर) वापरायचं असेल तर पोत्याची किंमत पाहू नका, तयार लिटरची काढा. एका किलोत साधारण ८ लिटर होतं. किलो २०० रुपयांना असेल तर लिटर २५ रुपयांना पडलं. पहिले दोन-तीन आठवडे मात्र आईचंच दूध द्या.

चौथा ते सहावा महिना, ९० दिवस: रोज दीड किलो गोळी पेंड (३२ रुपये), ५ किलो हिरवा (३ रुपये), १ किलो कडबा कुट्टी. ४,३२० अधिक १,३५० अधिक ७२०, म्हणजे ६,३९०.

सातव्या महिन्यापासून गाभण राहीपर्यंत ३०० दिवस: रोज २ किलो खुराक, म्हणजे पेंडीचं पशुखाद्य (३० रुपये), १० किलो हिरवा, २ किलो कुट्टी, ४० ग्रॅम खनिज मिश्रण (किलो १२० रुपये). १८,००० अधिक ९,००० अधिक ४,८०० अधिक १,४४०, बेरीज ३३,२४०.

गाभणकाळ २८० दिवस: रोज १८ किलो हिरवा, साडेतीन किलो कुट्टी, ५० ग्रॅम खनिज मिश्रण. खुराक पहिले २२० दिवस दीड किलो आणि शेवटचे ६० दिवस ३ किलो. बेरीज ३९,९४०.

चारही टप्प्यांचं खाद्य ८८,७७८ रुपयांचं झालं. दुधाचे पहिले तीन महिने सगळ्यांना खुपतात, पण एकूण खाद्यात त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे. खरे पैसे सातव्या महिन्यानंतर जातात, आणि नेमकी तेव्हाच कालवड गोठ्याच्या कडेला बांधून विसरली जाते.

खाद्याखेरीजचे खर्च: जंतनाशक, लसी, गोचिडांचं औषध आणि डॉक्टर मिळून ३,५००. रेतन (गाभण राहण्यासाठी वीर्यमात्रा भरणं) १,०००. पाच कालवडींना रोज दीड तास लागतो असं धरून तासाला ५० रुपयांनी, एका कालवडीला दिवसाला १५, म्हणजे ११,४००. गोठा, वीज, पाणी दिवसाला ४ रुपये, ३,०४०. जन्मलेल्या वासराची किंमत ५,००० (ते त्याच दिवशी विकलं असतं तर मिळाली असती ती). अडकलेल्या पैशांचं व्याज ८,०००. पाचातलं एक वासरू दोन महिन्यांचं होऊन मेलं तर तोवर झालेला सुमारे १२,००० चा खर्च उरलेल्या चौघींवर येतो, प्रत्येकी ३,०००. हा मरतुकीचा आकडा हिशेबात धराच. त्यातून शेणखताचे ४,००० वजा करा.

आकडा येतो १,१९,७१८.

ही झाली सगळा चारा विकत घेऊन वाढवलेली कालवड. हिरवा चारा घरचा असून किलोला दीड रुपया पडत असेल आणि कडबा चार रुपयांना, तर ८,४९० किलो हिरव्यावर १२,७३५ आणि १,६७० किलो कडब्यावर ६,६८० वाचतात. कालवड १,००,३०३ ला पडली. इथे एक प्रश्न स्वतःला विचारा: तो चारा विकला असता तर तीन रुपयांनी गेला असता का? गेला असता, तर कालवडीला तीनच लावा. गिऱ्हाईक नसेल किंवा बांधावरचं नेपिअर गवत असेल, तर उत्पादनखर्च लावा.

समजा, तशी गाभण कालवड तुमच्या बाजारात एक लाखाला जाते. कागदावर नफा शून्य, पण ११,४०० ची मजुरी घरातच राहिली. ज्याच्याकडे चारा नाही त्याने विक्रीसाठी कालवडी वाढवू नयेत, हे या आकड्यांतून सरळ निघतं. त्याने फक्त स्वतःच्या गोठ्यातल्या जुन्या गायींच्या जागी लागतील तेवढ्याच ठेवाव्यात.

आता दिवसाचा दर काढा, सगळ्यात उपयोगी आकडा तो आहे. गाभण राहण्याआधी खाद्याचे १११ आणि मजुरी-गोठ्याचे १९, म्हणजे दिवसाला १३० रुपये. एक माज (गाभण राहण्याची वेळ) हुकला की २१ दिवस, २,७३० रुपये. वेत २५ ऐवजी २९ महिन्यांवर गेलं की १५,६००. म्हणून रोज सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा कालवडींकडे दहा मिनिटं पाहत उभं राहायचं: सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ आहे का, दुसरी अंगावर चढली तर ती थांबून राहते का. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उन्हाळ्यात मुका माज (बाहेरून लक्षणं न दिसणारा) असतो, तेव्हा सोटाचा वाळलेला डाग शेपटीवर शोधा. भरवल्यावर अडीच महिन्यांच्या आत गर्भतपासणी करून घ्या.

दूध कमी पाजून वाचवणं हा दुसरा तोटा. शंभर लिटर वाचवले, ३,२०० रुपये खिशात राहिले. पण तीन महिन्यांना ७५ ऐवजी ५५ किलो भरलं, तर तो २० किलोंचा फरक दिवसाला अर्धा किलो वाढीने ४० दिवसांचा आहे. १३० रुपयांनी ५,२०० गेले.

मरतूक बहुतेक पहिल्या महिन्यातच होते आणि तिची सुरुवात चिकापासून असते. "जार (वार) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही" ही समजूत वासरांच्या जिवावर उठते. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक कमी होते आणि चोवीस तासांत संपते. पहिल्या दोन तासांत दीड-दोन लिटर आणि बारा तासांत एकूण तीन लिटर पोटात गेलेच पाहिजेत. खरवस त्यानंतर. नाळ दोन बोटं ठेवून कापा आणि टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा. पहिलं जंतनाशक दहा ते पंधरा दिवसांचं असताना, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, वजन पाहून.

वजनाला काटा लागत नाही, शिंप्याचा टेप पुरतो. कालवड सपाट जागी सरळ उभी करा, वैरण टाकायच्या आधी. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ६० आणि लांबी ४८ असेल तर २६२ किलो, म्हणजे भरवायला तयार. २५० च्या आत भरवू नका. घाई केली तर वेताला अडते. दर महिन्याला एकाच तारखेला मोजा आणि वहीत लिहा. महिन्याला १५ किलो वाढ दिसली नाही तर त्याच आठवड्यात कारण शोधा: जंत, गोचीड, की मोठ्या जनावरांत बांधल्याने खुराक तिच्या तोंडापर्यंत पोचतच नाही.

विकायची असेल तर कधी, हेही याच आकड्यांवरून ठरतं. चार महिन्यांची गाभण कालवड वेतापर्यंत आणखी १६० दिवस ठेवली तर खाद्याला २३,९८० आणि मजुरी-गोठ्याचे ३,०४०, एकूण २७,०२० रुपये लागतात. बाजारात चार महिन्यांची गाभण आणि आठवड्याभरात विणारी, या दोघींच्या भावात २७,००० पेक्षा कमी फरक असेल तर चौथ्या महिन्यातच विका. वेताची जोखीमही टळते.

नर वासरांचा बोजा वेगळाच आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे आणि संकरित गोऱ्ह्याला औताला मागणी नाही. कालवडीला लिंगनिर्धारित वीर्यमात्रा भरली तर साधारण दहात नऊ मादी होतात. मात्रा महाग असली तरी एका गोऱ्ह्याला पाजलेल्या दुधाची किंमत तिच्याशेजारी मांडून पाहा.

बाहेरून लहान कालवड घेताना ती जुळ्यातली आहे का, आणि जोडीदार नर होता का, हे विचारा. तशी मादी बहुतेक वांझच निघते. शंका असेल तर महिन्या-दोन महिन्यांच्या वयातच डॉक्टरांकडून योनीची खोली तपासून घ्या. आणि १८ महिने उलटून वजन २५० वर असूनही माज दिसत नसेल, तर आणखी एक माज वाट पाहू नका, त्याच आठवड्यात गर्भाशय तपासून घ्या. ती बांधून ठेवल्याचे दरमहा ३,९०० रुपये चालूच असतात.