सोलापूरच्या उन्हाळ्याला टिकेल असा होम थिएटर संगणक: जुळणी आणि दोषशोधन

दिवाणखान्यातील टीव्हीला जोडून घरातले चित्रपट, गाणी आणि लग्नकार्यांची चित्रणे एकाच पडद्यावर दाखवणारा संगणक कसा जुळवावा, याविषयी जी माहिती सहज मिळते, ती बहुधा थंड खोलीत आणि स्थिर विजेवर बसून लिहिलेली असते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली रात्री नऊनंतरही निवत नाही, आणि पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या घरात सुताचे बारीक तंतू बारा महिने हवेत असतात. माझ्या अनुभवात येथे असा संगणक ताकद कमी पडली म्हणून क्वचितच अडतो. तो अडतो उष्णता, तंतू आणि वीज या तिघांपुढे. म्हणून यंत्र निवडताना वेग किती हा प्रश्न दुसरा ठेवावा, आणि ते किती तापते हा पहिला.

यंत्राची निवड

चित्रपट दाखवण्याचे काम प्रोसेसरच्या सर्वसाधारण वेगावर नव्हे, तर त्याच्यातील व्हिडिओ उलगडणाऱ्या विभागावर अवलंबून असते. तो विभाग व्हिडिओ दाबून साठवण्याचा एखादा प्रकार (फॉरमॅट) जाणत असेल, तर ४के चित्रपट चालू असतानाही यंत्र जेमतेम कोमट होते. जाणत नसेल, तर महागडा प्रोसेसरही धापा टाकतो. इंटेल प्रोसेसरच्या सहाव्या पिढीला एचईव्हीसी या प्रकाराचे ८-बिट रूप जमते, पण ४के एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणारे) चित्रपट १०-बिटचे, म्हणजे रंगांच्या अधिक पायऱ्यांचे असतात आणि त्यांच्यासाठी सातवी पिढी किंवा त्यापुढची लागते. एव्ही१ हा नवा प्रकार हवा असेल, तर अकराव्या पिढीच्या मागे जाऊ नये.

यावरून दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग म्हणजे २०२३ पासून मिळणाऱ्या इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा छोटा संगणक. या प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा अवघी ६ वॅट आहे, त्याला वरील सर्व प्रकार उलगडता येतात आणि आपल्या हवामानात माझी पहिली पसंती त्यालाच आहे. दुसरा मार्ग म्हणजे पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून निघालेले, वहीएवढ्या आकाराचे आठव्या पिढीचे वापरलेले संगणक. ते दणकट असतात, स्वस्त पडतात आणि त्यांचा पंखा स्क्रू काढून स्वच्छ करता येतो. मात्र त्यांत एक मेख आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे एचडीएमआय (चित्र आणि आवाज टीव्हीकडे नेणारी जोडणी) १.४ दर्जाचे असते आणि त्यातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळांपेक्षा जास्त जात नाही. ६० वेळा हवे असेल, तर मागच्या डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या चित्रजोडणीला ‘अ‍ॅक्टिव्ह’ (आत रूपांतर करणारी चिप असलेल्या) प्रकारचा एचडीएमआय २.० अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो. नुसता आकार जुळवणारा स्वस्त अ‍ॅडॉप्टर आणला, तर पैसे वाया जातात.

८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरेशी होते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घालू नये, कारण चित्रपटासाठी त्याचा उपयोग नाही आणि खोलीत आणखी एक शेगडी पेटल्यासारखे होते. चित्रपटांचा साठा मोठा असेल, तर त्याची हार्ड डिस्क स्वतंत्र ठेवावी. ४के डिस्कवरून उतरवलेला एक चित्रपट सहज ५०-६० जीबी होतो. साठा दुसऱ्या खोलीतील संगणकावर ठेवणार असाल, तर मधले नेटवर्कचे स्विच, राउटर आणि वायर गिगाबिटचे (सेकंदाला १००० मेगाबिट) असावेत. ४के ब्लू-रेचा ओघ सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जाऊ शकतो आणि १०० मेगाबिटचे जुने स्विच नेमके पाठलागाच्या किंवा पावसाच्या दृश्याला अडखळते.

जागा

माझा पहिला संगणक मी टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, काचेच्या सरकत्या दाराआड मोठ्या हौसेने मांडला होता. जानेवारीत तो उत्तम चालला. एप्रिलमध्ये चित्रपट सुरू होऊन चाळीस मिनिटे झाली की चित्र अडखळू लागे, आणि मी आठवडाभर सॉफ्टवेअरला दोष देत राहिलो. अखेर झाकण उघडले, तेव्हा उष्णता वाहून नेणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या तोंडाशी सुताच्या तंतूंचा करडा थर बसलेला दिसला. चिमट्याने एक टोक धरून ओढले, तर तो नमद्याच्या तुकड्यासारखा अखंड बाहेर आला. त्याच संध्याकाळी प्रोसेसरचे तापमान ९६ अंशांवरून ६८ वर उतरले.

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. संगणक उघड्या फळीवर, चारी बाजूंनी चार बोटे जागा सोडून ठेवावा. फळीवर कापड अंथरू नये आणि धूळ बसू नये म्हणून चालू यंत्रावर चादर झाकू नये. आपल्या गावात चादर कशावरही झाकण्याची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहावे लागते. कूलरच्या थेट झोतातही यंत्र नसावे, कारण त्या हवेबरोबर पाण्याचे सूक्ष्म कण येतात आणि आपल्या जड पाण्याचा पांढरा क्षार सर्किटवर बसतो. फेब्रुवारीअखेर, उन्हाळा लागण्यापूर्वी, एकदा पंखा आणि पट्ट्या साफ कराव्यात. यंत्रमागांच्या वस्तीत राहणाऱ्यांनी हे काम दर तीन महिन्यांनी करावे. हवेचा फवारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते बेफाम फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

वीज आणि अर्थिंग

संगणकाच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे झाले, तर पुढचे काही करू नये. पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या पेटीकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून येणारा किंचित प्रवाह अर्थिंगवाटे जमिनीत जाणे अपेक्षित असते. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचे दिसते, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायर जोडलेलीच नसते. अशा वेळी पेटी साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या जाणवतात, पण एचडीएमआय जोडताना टीव्हीचा किंवा संगणकाचा पोर्ट जळायला तेवढे पुरते.

वायरमनकडून मल्टिमीटरने तीन मोजण्या करून घ्याव्यात. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा यावा. दुसरी मोजणी अधांतरी, कधी ६० तर कधी ११० दाखवत असेल, तर अर्थिंग तुटलेले आहे. घराबाहेर मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात माती वाळून त्याचा विरोध वाढतो. आठवड्याला बादलीभर पाणी ओतले, तर फरक पडतो. कोणत्याही परिस्थितीत एचडीएमआय वायर जोडताना किंवा काढताना दोन्ही उपकरणांचे प्लग भिंतीतून काढलेले असावेत.

असा छोटा संगणक आणि एक हार्ड डिस्क मिळून साधारण ३० वॅट घेतात, त्यामुळे ६०० व्हीएचा साधा यूपीएसही वीज गेल्यावर यंत्र नीट बंद करायला भरपूर वेळ देतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे असेल, तर त्याच्या मागचे बटण ‘यूपीएस’ स्थितीत असल्याची खात्री करावी. दुसऱ्या स्थितीत वीज बदलायला लागणारा क्षणभराचा उशीर संगणकाला पुन्हा सुरू करतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरमधून घरघर येऊ शकते आणि ती कोणत्याही सेटिंगने जात नाही.

सॉफ्टवेअर

फक्त चित्रपटांसाठीच यंत्र असेल, तर लिब्रइलेक बसवावे. कोडी हे माध्यम केंद्र चालवण्यापुरतीच ही छोटी लिनक्स प्रणाली आहे आणि ती मोफत आहे. दुसऱ्या संगणकावर तिची स्थापनेची ‘इमेज’ फाइल पेन ड्राइव्हवर लिहावी, नव्या यंत्राच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ‘सिक्युअर बूट’ बंद करावे आणि पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून एसएसडीवर स्थापना करावी. या क्रियेत एसएसडीवरचे सर्व काही पुसले जाते, म्हणून वापरलेला संगणक असेल तर आधी आत काय आहे ते पाहावे. ओटीटी सेवा मात्र लिनक्सवर सहसा पूर्ण दर्जाचे चित्र देत नाहीत. त्यांच्यासाठी टीव्हीचे स्वतःचे अ‍ॅप वापरणे शहाणपणाचे.

कोडीमध्ये सेटिंगची पातळी ‘एक्स्पर्ट’ करून सर्वप्रथम ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हे ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ वर ठेवावे, म्हणजे टीव्ही चित्रपटाच्या वेगाला जुळवून घेतो. चित्रपट सेकंदाला २४ किंवा २३.९७६ चौकटींचा (फ्रेमचा) असतो आणि टीव्ही ६० वर चालत असेल, तर चौकटी आळीपाळीने तीनदा व दोनदा दाखवाव्या लागतात. कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा जो बारीक हिसका जाणवतो, तो यामुळेच. टीव्ही २४.००० वर आणि चित्रपट २३.९७६ चा असेल, तर दर ४२ सेकंदांच्या आसपास एकच झटका येतो. झटका घड्याळ लावून येतो असे वाटले, तर हेच कारण समजावे.

आपल्याकडे एकाच घरात मराठी, तेलुगू आणि कानडी चित्रपट पाहिले जातात, म्हणून ध्वनीची पसंतीची भाषा ‘ओरिजिनल’ ठेवावी. अन्यथा दोन-तीन भाषांचे ट्रॅक असलेला चित्रपट भलत्याच भाषेत सुरू होतो. उपशीर्षकांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट कोडीच्या ‘मीडिया’ फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ मध्ये टाकून उपशीर्षकांसाठी तो निवडावा. चौकोनांऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत असतील, तर दोष फॉन्टचा नसून फाइलच्या संकेतनाचा (एन्कोडिंगचा) आहे. ती यूटीएफ-८ मध्ये पुन्हा साठवावी.

बिघाड शोधताना

भिंतीपासून पडद्याकडे जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुरू होते, पण दोष कुठे होता ते कळत नाही आणि पंधरा दिवसांनी तो परत येतो.

चित्रच नसेल, तर आधी टीव्ही आणि मग संगणक सुरू करून पाहावे. संगणक सुरू होताना टीव्हीला त्याची क्षमता विचारतो. टीव्ही तेव्हा झोपलेला असेल, तर उत्तर न मिळाल्याने संगणक काहीच पाठवत नाही. क्रम बदलून चित्र आले, तर लिब्रइलेकमध्ये ‘गेटईडीआयडी क्रिएट’ (getedid create) ही आज्ञा एकदा चालवावी, म्हणजे टीव्हीचे उत्तर साठवून ठेवले जाते. ४के चालू असताना ठिणग्यांसारखे ठिपके उडत असतील किंवा पडदा क्षणभर काळा होत असेल, तर वायर लहान आणि चांगली लावून पाहावी. पडदा नेमका कूलरचा पंप सुरू होताना मिटत असेल, तर कूलरचे सॉकेट वेगळे करावे.

काळा रंग करडा दिसत असेल किंवा अंधाऱ्या दृश्यात केस आणि कोट एकच होऊन जात असतील, तर संगणक आणि टीव्ही यांची रंगांची व्याप्ती जुळत नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे एक ०-२५५ असे बोलतो, दुसरा १६-२३५ असे ऐकतो. दोन्हीकडे एकच ठेवावे. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या चित्र-आकारात ‘जस्ट स्कॅन’ किंवा तत्सम पर्याय निवडावा.

चित्र अडखळत असेल, तर चित्रपट चालू असताना कळफलकावरील ‘ओ’ दाबावे. व्हिडिओ उलगडण्याचे काम हार्डवेअर करत आहे की सॉफ्टवेअर, ते तेथे दिसते. सॉफ्टवेअर दिसले, तर तो प्रकार बहुधा यंत्राच्या आवाक्याबाहेरचा आहे. हार्डवेअर दिसत असूनही दुपारीच अडखळते आणि रात्री नाही, तर तापमान पाहावे आणि झाकण उघडावे.

आवाजाच्या तक्रारींपैकी बऱ्याच ‘पासथ्रू’ पाशी, म्हणजे ध्वनी न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवण्यापाशी येऊन थांबतात. ऑप्टिकल वायर आणि साधे एआरसी (एचडीएमआयवाटे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणारी सोय) यांतून ट्रूएचडी हा डॉल्बीचा ध्वनिप्रकार जात नाही. ते एआरसीच्या सुधारित रूपातून, ईएआरसीतून जाते. म्हणून पासथ्रूमध्ये आपल्या साउंडबारला खरोखर कळणारे प्रकारच निवडावेत. अनेक नवे टीव्ही डीटीएस हा ध्वनिप्रकार पुढे पाठवत नाहीत. अशा वेळी डीटीएसची खूण काढून ध्वनी डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतरित करण्याचा पर्याय चालू करावा. पासथ्रू चालू असताना कोडीचा आवाज कमी-जास्त होत नाही, हा बिघाड नव्हे. स्पीकरमधून सतत घूं असा नाद येत असेल, तर टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्सला येणारी केबलची वायर काढून पाहावी; नाद थांबला, तर तो केबलच्या आणि घरच्या अर्थिंगमधील फरकाचा आहे.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडीत माणसे हलताना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. ते चित्रण ७२०×५७६ आकाराचे आणि एकाआड एक ओळींचे असते. चालू असतानाच चित्राच्या सेटिंगमधून ‘डीइंटरलेस’ सुरू केले की रेषा जातात.

हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू आली किंवा फाइल उघडायला अर्धा मिनिट लागू लागला, तर डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिचे आकडे पाहावेत. फक्त सी७ (माहिती पोहोचताना झालेल्या चुकांचा आकडा) वाढलेला असेल, तर दोष बहुधा डिस्क जोडणाऱ्या आतल्या साटा वायरचा असतो आणि ती बदलून भागते. ०५ किंवा सी५ (डिस्कवरील खराब जागांचे आकडे) शून्यावरून हलले असतील, तर त्याच रात्री मंगलकार्यांची चित्रणे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. चित्रपटांचे नंतर पाहता येते.