काही सुचत नाही असे वाटते? मग या चुका टाळा

मराठीत 'मी सुचलो' असे कोणी म्हणत नाही, 'मला सुचले' असे म्हणतात. भूक लागावी किंवा झोप यावी, तसे सुचणेही आपोआप घडते असे आपण धरून चालतो आणि कोरा कागद समोर ठेवून वाट पाहत बसतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. सुचण्याचा क्षण आपल्या हातात नसतो हे मान्य. परंतु त्याआधीचे पाहणे आणि त्यानंतरचे टिपणे पूर्णपणे आपल्या हातात असते. 'हल्ली काही सुचतच नाही' ही तक्रार मुळापासून तपासली, तर बिघाड बहुधा या दोन ठिकाणीच सापडतो.

टिपताना तपशील गाळणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते. मी कित्येक वर्षे जवळ एक छोटी वही बाळगत होते आणि तिच्यात 'संध्याकाळचे आकाश अप्रतिम', 'बसमधले वृद्ध गृहस्थ, कथेसाठी उत्तम' अशा नोंदी करीत होते. सहा महिन्यांनी वही उघडली, तेव्हा त्या गृहस्थांमध्ये नेमके काय उत्तम होते, हे काही केल्या आठवेना. मी जे पाहिले होते ते लिहिलेच नव्हते. पाहून मला काय वाटले, एवढेच लिहिले होते. 'अप्रतिम', 'सुंदर', 'भारी' हे शब्द आपला अभिप्राय तेवढा जपून ठेवतात आणि ज्यामुळे तो अभिप्राय तयार झाला, ती वस्तू मात्र हातची जाते.

त्यानंतर एकदा अशाच एका सहप्रवाशाविषयी मी पुढीलप्रमाणे लिहिले: 'शर्टाचे वरून दुसरे बटण वेगळ्या रंगाचे. प्रत्येक थांब्यावर खिशातून चिठ्ठी काढतात, वाचतात, पुन्हा घडी करून ठेवतात. घडीवर कागद फाटत आला आहे.' ही नोंद आजही वाचली की प्रश्न उभे राहतात. चिठ्ठी इतक्यांदा का वाचावी लागत असेल? मजकूर लांबलचक आहे, की एकच ओळ आहे आणि तिच्यावर विश्वास बसत नाही? कल्पनाशक्ती कामाला लागते ती अशा ठिकाणी. तिला मोठा विषय लागत नाही, बोट ठेवता येईल असा एखादा तपशील लागतो.

नोंद करण्याऐवजी मोबाइलने फोटो काढून ठेवण्याची सवय अनेकांना असते. फोटो जरूर काढावा, परंतु तो पाहण्याची जागा घेऊ शकत नाही. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी एका संग्रहालयात केलेले प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या पाहिलेल्या वस्तूंच्या तुलनेत, ज्या वस्तूंचा पूर्ण फोटो काढला त्या लोकांना कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, तेव्हा स्मरणाला असा फटका बसला नाही. मला यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण जवळ जाण्यासाठी नेमके कुठे जायचे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवताना आपण खऱ्या अर्थाने पाहू लागतो.

सतत नव्याच्या मागे लागणे

नवी जागा, नवा प्रवास, नवे साहित्य मिळाले की प्रेरणाही मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण क्लोद मोने या चित्रकाराने १८९०-९१ मध्ये घराजवळच्या शेतातील गव्हाच्या गंजी पंचवीसच्या आसपास चित्रांत रंगवल्या. गंजी त्याच होत्या. पहाट, मावळती आणि बर्फ यांनी त्यांचा रंग बदलत होता. इटलीचे ज्योर्ज्यो मोरांदी यांनी तर बाटल्या, सुरया आणि डबे यांची मांडणी बदलत दशकानुदशके चित्रे काढली. म्हणून विषय आटले असे वाटेल, तेव्हा घरातील एकच वस्तू निवडावी आणि आठवडाभर वेगवेगळ्या वेळी तिच्यासमोर दहा मिनिटे बसावे. पहिल्या दोन दिवसांत कंटाळा येईल. तो येऊ द्यावा, कारण ओळखीचे सगळे पाहून संपल्याशिवाय अनोळखी दिसू लागत नाही.

जॉर्ज दे मेस्त्राल या स्विस अभियंत्याचे उदाहरण इथे आठवते. १९४१ मध्ये फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली गोखरूसारखी काटेरी फळे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यांचे बारीक आकडे पाहिले. त्यातून पुढे व्हेल्क्रो, म्हणजे बूट-पिशव्यांवर असते ती दाबून चिकटणारी पट्टी, तयार झाले. अशी फळे सगळेच उपटून फेकून देतात; ती थांबून पाहिली, एवढाच फरक. मात्र त्या निरीक्षणातून वापरता येईल अशी वस्तू घडवण्यात अनेक वर्षे गेली, आणि हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे.

तयारीशिवाय विश्रांती, किंवा विश्रांतीशिवाय तयारी

गणितज्ञ आंरी प्वाँकारे यांना एका महत्त्वाच्या प्रश्नाची उकल घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताच सुचली, ही हकिकत पुष्कळदा सांगितली जाते. त्याआधी पंधरा दिवस ते रोज मेजाशी बसून त्याच विषयाशी झटत होते, हा भाग बहुधा सांगायचा राहून जातो. मनाला आधी काही दिले नसेल, तर नुसत्या विश्रांतीने ते काही परत देणार नाही. याउलट, दिवसाचा प्रत्येक रिकामा क्षण मोबाइलच्या पडद्याने भरून टाकला, तर आत घातलेल्या गोष्टींना एकमेकींशी जुळायला उसंतच मिळत नाही. रांगेत उभे असताना, भांडी घासताना, जिना चढताना कानांत आणि हातांत काहीही नसावे, असा माझा आग्रह आहे.

चालण्याचा उपयोग होतो, पण तोही समजून करावा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बसून विचार करण्यापेक्षा चालताना लोकांची नवनवे पर्याय सुचवण्याची क्षमता सरासरी ६० टक्क्यांनी वाढलेली आढळली. मात्र एकच अचूक उत्तर शोधायचे होते, तेव्हा चालण्याचा फायदा झाला नाही. म्हणजे पर्याय गोळा करायला बाहेर पडावे आणि निवड करायला मेजाशी बसावे. या दोन कामांची सरमिसळ झाली, की मनात आलेली प्रत्येक ओळ जन्मतःच खोडली जाते. तसे होत असेल, तर खोडण्यासाठी दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवून टाकावी. कल्पना अगदी कोवळी असताना ती चार जणांसमोर मांडणेही टाळावे. लोक चांगल्याच हेतूने बोलतात, पण अजून न फुटलेल्या फांदीची छाटणी करतात.

चित्र दिसत नाही म्हणजे कल्पनाशक्ती नाही, असे मानणे

डोळे मिटल्यावर काही जणांना सफरचंदाचे चित्रही दिसत नाही. या स्थितीला २०१५ मध्ये ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अफँटेशिया' हे नाव दिले. आपण कल्पक नाही, अशी खंत बाळगणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की ॲनिमेशनपट बनवणाऱ्या पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनाही मनात चित्रे दिसत नाहीत. ज्यांना चित्र दिसत नाही, त्यांनी शब्द, आवाज, स्पर्श किंवा प्रश्न यांच्या वाटेने जावे.

लिहिलेले पुन्हा न वाचणे

टिपण चांगले झाले, तरी वही मिटून ठेवली तर ते तिथेच पडून राहते. महिन्यातून एकदा, हातात पेन न घेता, मागची पाने नुसती वाचावीत आणि कोणत्या दोन नोंदी एकमेकींकडे ओढल्या जातात ते पाहावे. चिठ्ठीवाल्या गृहस्थांची नोंद माझ्या वहीत पुष्कळ दिवस एकटीच होती. पुढे दुसऱ्याच एका ठिकाणी मी लिहून ठेवले होते: 'दारावरच्या पत्रपेटीवरचे नाव खोडून खाली दुसरे लिहिले आहे. दोन्ही नावांचे हस्ताक्षर एकच.' एका सकाळी ती दोन पाने लागोपाठ वाचली गेली आणि ते गृहस्थ बसमधून उतरून त्या दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर, खोडलेले नाव होते.