लक्षद्वीपला हॅम रेडिओ घेऊन जाताय? मग आधी घड्याळ आणि नकाशा घेऊन बसा

बेटावर हॅम स्टेशन, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांचं केंद्र, लावायचं म्हटलं की पहिल्याच बैठकीत रिग, म्हणजे रेडिओ सेट, कुठली, अॅम्प्लिफायर न्यायचा का, यावरच दोन तास जातात. मी म्हणतो ते सगळं नंतर. आधी एकच ठरवा, आपण नक्की कुणासाठी चाललोय?

डीएक्ससीसी या हॅम पुरस्काराच्या यादीत ३४० एंटिटी, म्हणजे देश किंवा वेगळे धरलेले प्रदेश, आहेत आणि त्यात लक्षद्वीप, म्हणजे ज्याचा कॉलसाईन (स्टेशनचं सांकेतिक नाव) व्हीयू७ ने सुरू होतो ते, भारताच्या मुख्य भूमीपासून वेगळं धरतात. त्यामुळे कोचीपासून साधारण ४०० किलोमीटरवरच्या त्या बेटांसाठी जगभरातली माणसं वर्षानुवर्षं कान लावून बसलेली असतात. आता होतं काय, की जपान आणि युरोप तिथून भरभरून ऐकू येतात, रिग चालू केली की लॉग, म्हणजे झालेल्या संपर्कांची नोंदवही, आपोआप भरत जाते आणि टीम खूश होते. पण कॅलिफोर्नियातल्या माणसाचा सिग्नल ध्रुवाजवळून वाट काढत येतो, तो दिवसातून थोडाच वेळ मिळतो आणि नेमक्या त्या वेळी आपण चहा पीत असलो तर त्याचा तो दिवस गेलाच. म्हणून स्ट्रॅटेजी म्हणजे माझ्या मते या अवघड माणसांसाठी वेळ राखून ठेवणं, सोपे तर मिळणारच आहेत.

परवानग्यांचं महिनोन्‌महिने आधी सुरू करा. बेटावर जायला प्रशासनाची एंट्री परमिट लागते आणि रेडिओ चालवायचं वेगळं बघावं लागतं, हातात कागद आल्याशिवाय तिकिटं काढू नका. सीझन हिवाळ्याचा धरा. पावसाळ्याच्या आधी विजांची खरखर एवढी असते की १६० आणि ८० मीटर लहरींच्या बँडवर काही ऐकूच येत नाही.

आता वेळापत्रक. मोठा कागद घ्या, एका कडेला आपली वेळ लिहा, शेजारी यूटीसी, म्हणजे जगभरची प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. जानेवारीत तिथे सूर्य सकाळी सातच्या आसपास उगवतो, यूटीसी ०१३०. त्या वेळी न्यूयॉर्कला रात्रीचे साडेआठ आणि लॉस एंजेलिसला संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे आपला सूर्योदय आणि लॉस एंजेलिसचा सूर्यास्त जवळजवळ एकत्र येतो. ४० मीटरला दिवस-रात्रीच्या याच काठावर जोर येतो. म्हणून सकाळी साधारण सहा ते साडेसात ४० आणि २० मीटर फक्त अमेरिकेसाठी, असं लाल पेनाने लिहा. संध्याकाळी साडेसहाला सूर्य बुडतो तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे आठ वाजलेले असतात, तो तासही राखून ठेवा. दिवसा १० आणि १५ मीटर, सकाळी जपानकडे, दुपारनंतर युरोपकडे. मध्यरात्रीनंतर लो बँड, म्हणजे १६० आणि ८० मीटर, आणि तिथे सगळ्यात चिवट माणसाला बसवा.

अँटेना याच कागदावरून ठरतात. समुद्राच्या अगदी काठावर लावलेला साधा व्हर्टिकल, म्हणजे उभा अँटेना, लांबच्या पल्ल्याला कमाल करतो, कारण खाऱ्या पाण्यामुळे सिग्नल क्षितिजाला चिकटून निघतो. वायर टांगायला माड आहेतच, पण आधी मालकाला विचारा. दोन स्टेशनं एकदम चालवणार असाल तर बँडपास फिल्टर, म्हणजे आपल्याच बँडचा सिग्नल जाऊ देणारे, हवेतच हवेत. ७.०२० मेगाहर्ट्‌झला तिनाने गुणा, २१.०६० येतं, म्हणजे ४० मीटरवाल्याने मोर्सचं बटण दाबलं की १५ मीटरवाल्याच्या कानात तेच वाजणार. कनेक्टरवर सेल्फ-फ्यूजिंग टेप गुंडाळा, खारा वारा आत शिरला की एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप, चढायला लागतो आणि रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन केबल तपासत फिरावं लागतं.

पाईलअपचा, म्हणजे एकदम बोलावणाऱ्या गर्दीचा, नियम सगळ्यांसाठी एकच ठेवा. स्प्लिटवर चालवा, म्हणजे बोला एका फ्रिक्वेन्सीवर आणि ऐका दुसऱ्या, सीडब्ल्यूला (मोर्सला) एक-दोन किलोहर्ट्‌झ वर ऐका, व्हॉइसला पाच ते दहा, त्याच्या बाहेर पसरू नका, बाकीच्यांनाही बँड वापरायचा असतो. हेडफोनमध्ये शंभर जण एकदम ओरडतात तेव्हा पूर्ण कॉलसाईन मिळतच नाही, "लिमा किलो", म्हणजे एल आणि के, एवढंच कानात येतं. मग "लिमा किलो, फाइव्ह नाइन" (फाइव्ह नाइन म्हणजे सिग्नल छान आहे) म्हणायचं आणि तोच माणूस मिळेपर्यंत हटायचं नाही, दुसरा कितीही जोरात असो. एकदा का जोरात ओरडणाऱ्याला घेतलं की सगळे तेच करतात. आपला कॉलसाईन निदान मिनिटाला एकदा सांगा.

नंबरवारी घेणार असाल, म्हणजे आधी कॉलसाईनमध्ये शून्य असलेले, मग एक, मग दोन, तर नऊपर्यंत जाईस्तोवर बँड बदलू नका. माझा कॉलसाईन व्हीयू३ चा, म्हणजे नंबर तीन, एकदा दूरच्या एका बेटासाठी मी पहाटे पुण्यात गच्चीवर थंडीत पाऊण तास थांबलो आणि ऑपरेटर दोन झाल्यावर निघून गेला. ते बेट मला अजून मिळालेलं नाही.

एफटी८, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणारा, कमजोर सिग्नलवरही चालणारा मोड, जरूर ठेवा, लहान अँटेनावाल्यांना तोच आधार असतो. फॉक्स-हाउंड मोडमध्ये एका वेळी पाच जणांना उत्तर देता येतं, फक्त १४.०७४ सारख्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर तो लावायचा नाही. आणि अमेरिकेच्या राखीव तासात त्याच्यासाठी सीडब्ल्यू बंद करू नका.

शिफ्ट तीन तासांच्या, त्यापुढे कान काम करत नाहीत. लॉग रोज क्लब लॉग या वेबसाइटवर टाका. लोकांना आपण लॉगमध्ये आहोत हे दिसलं की ते पुन्हा पुन्हा बोलावत नाहीत आणि नव्या माणसाला जागा होते.

एक रिग बॅटरीवर कायम तयार ठेवा. डिसेंबर २००४ मध्ये हॅम ऑपरेटर भारती प्रसाद आणि त्यांची टीम अंदमानात अशाच मोहिमेवर होती, २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्यांनी मोहीम तिथेच थांबवून तेच स्टेशन आपत्कालीन संपर्कासाठी चालवलं. तशी वेळ आलीच तर कोण कुठली फ्रिक्वेन्सी धरणार ते जायच्या आधीच लिहून ठेवा.

शेवटच्या दिवशी सामान बांधायची घाई होते, बोटीची वेळ ठरलेली असते. आदल्या संध्याकाळी वरच्या बँडचे अँटेना उतरवून घ्या, पण ४० मीटरचा व्हर्टिकल सकाळी साडेसातपर्यंत उभाच ठेवा. कॅलिफोर्नियातले ज्यांचं अजून झालेलं नाही, ते तेव्हाही ऐकत बसलेले असतात.