शाळेतल्या सिस्टरसाठी: सारखं पोट दुखतं म्हणून येणारं पोरगं

आश्रमशाळा असो की शहरातली शाळा, एखादं पोरगं दर दोन दिवसांनी पोट दुखतंय म्हणून येत असेल तर आधी नीट तपासा, ताप बघा, जेवलंय का विचारा, पण काही सापडलं नाही म्हणून "नाटकं करतंय" म्हणत वर्गात पिटाळू नका, कारण घाबरलेल्या पोरांचं पोट खरंच दुखतं.

हात लावायच्या आधी विचारा, "बाळा, पोटाला हात लावून बघू का?" नाही म्हणालं तर थांबा. दार दिसेल असं बसवा. फारच थरथरत असेल तर पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा, श्वास सावकाश सोडायला सांगा (हे तुम्ही स्वतः सोबत केलं की पटकन जमतं).

कुणी त्रास देतंय असं काही बोललं तर खोदून खोदून विचारायचं नाही आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर अजिबात द्यायचं नाही, कारण लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं, शाळेची बदनामी वगैरे मुख्याध्यापक काहीही म्हणोत. पोराचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा. चाईल्डलाईनचा (मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा) नंबर १०९८, रात्रीही लागतो.