संगणकाचे सुटे भाग घेण्यापूर्वी

संगणकासाठी नवा भाग घेताना तो किती वेगवान आहे यापेक्षा तो आपल्या मदरबोर्डवर (सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य बोर्डवर) बसेल का, हे आधी तपासावे. रॅम वाढवायची असल्यास सध्याची पट्टी डीडीआर४ या पिढीची आहे की डीडीआर५, हे तिच्या लेबलावर वाचावे. डेस्कटॉपच्या या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असल्या, तरी त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि लॅपटॉपची पट्टी तर मुळातच आखूड असते.

एसएसडीच्या (हार्ड डिस्कऐवजी माहिती साठवणाऱ्या चिपच्या साधनाच्या) खरेदीत फसगत अधिक होते. एम.२ हा केवळ पट्टीसारख्या एसएसडीचा आणि तिच्या स्लॉटचा आकार आहे. त्या स्लॉटमध्ये साटा चालते की एनव्हीएमई (एसएसडी संगणकाशी जोडण्याच्या या दोन पद्धती), हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. जुन्या हार्ड डिस्कऐवजी साधी साटा एसएसडी बसवली, तरी पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या कामाला ती पुरते, असे माझे मत आहे.

यूएसबी-सी केबली दिसायला सारख्याच असतात, मात्र केवळ चार्जिंगसाठी विकली जाणारी केबल बहुधा सेकंदाला ४८० मेगाबिटच वाहून नेते आणि तिच्यातून मॉनिटरला चित्र मिळत नाही. त्यामुळे वेष्टनावर डेटाचा वेग आणि वॉट हे दोन्ही आकडे नसतील, तर ती घेऊच नये.

प्रिंटरच्या किमतीपेक्षा कार्ट्रिजची किंमत आणि त्यातून निघणारी पाने यांचा हिशेब मांडावा. कीबोर्ड व माउस शक्यतो हाताळून घ्यावेत. बिलावर अनुक्रमांक नोंदवून घ्यावा, कारण वॉरंटीच्या वेळी त्याचीच विचारणा होते.