पाच-सहा माणसांच्या धंद्यात नवा माणूस कसा तयार करावा

'बघून बघून शिकेल.' मुंबईतल्या बहुतेक छोट्या धंद्यांत प्रशिक्षण म्हणतात ते एवढंच. दादरचं कापडाचं दुकान घ्या, गिरगावातला छापखाना घ्या, नाहीतर लालबागचा फराळाचा गाळा. नवा मुलगा येतो, पहिल्या दिवशी त्याच्या हातात झाडू आणि चहाची किटली पडते आणि महिन्याभराने शेठ वैतागतात, "याला अजून काही येत नाही." शिकवायला कुणी बसलेलंच नसतं, तर येणार कुठून?

आपल्याकडे ना ट्रेनिंगचा हॉल, ना एचआर. दुपारचा निवांत तास आणि एखादं जुनं, मुरलेलं माणूस एवढंच भांडवल. ते पुरतं, पण नीट वापरलं तर.

आधी अडतं कुठे ते पाहा

एका कागदावर डाव्या बाजूला कामं लिहा, वर माणसांची नावं. जो ते काम कुणालाही न विचारता एकटा करू शकतो, त्याच्याच नावाखाली बरोबरची खूण करा. 'थोडंफार येतं' याला खूण नाही. आता ज्या कामापुढे एकच खूण आहे तिथे बोट ठेवा. पावसात रुळांवर पाणी भरून गाड्या बंद पडल्या आणि ते एक माणूस कल्याण-डोंबिवलीलाच अडकलं, तर त्या दिवशी काय बंद राहील हे हा कागद सांगतो. शिकवायला सुरुवात तिथूनच. 'संवादकौशल्य', 'व्यक्तिमत्त्व विकास' वगैरे मागून बघू.

कामाचे तुकडे पाडा

खरी मेहनत इथेच आहे. जुन्या माणसाला 'कसं करता?' विचारलं तर उत्तर येतं, "अंदाजाने." त्या अंदाजात काय काय दडलंय ते काम चालू असताना शेजारी उभं राहून काढून घ्यायचं.

फराळाच्या गाळ्यातली चकली घ्या. मावशी सांगतात, "भाजणीत मोहन घाल, उकड काढ, मळ, पाड, तळ." एवढ्यावर नव्या मुलीला चकली जमणार नाही. तिला प्रत्येक पायरीमागचं मर्म हवं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दगडासारखी होते. पीठ कोरडं राहिलं तर पाडतानाच तुटते. घाणा टाकल्यावर तेलावर फसफसून बुडबुडे येतात, ती पिठातल्या पाण्याची वाफ. बुडबुडे शमले की आतलं पाणी गेलं, चकली काढायची. आच मोठी ठेवली की रंग लवकर येतो, तिथेच नवखा माणूस फसतो: वरून लालसर आणि आतून मऊ. म्हणून 'सोनेरी झाली की काढ' असं सांगू नका, 'बुडबुडे बघ' सांगा.

प्रत्येक कामासाठी अर्ध्या पानाचा कागद पुरतो. एका बाजूला काय करायचं, दुसऱ्या बाजूला कशाला जपायचं आणि का. त्यातला 'का' गाळू नका. कारण कळलेला माणूस भाजणी बदलली तरी अडत नाही.

चार टप्प्यांत शिकवा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत अननुभवी कामगार भराभर तयार करायचे होते, तेव्हा चार टप्प्यांची एक पद्धत बसवली गेली. युद्धानंतर ती जपानी कारखान्यांत रुजली आणि आपल्या गाळ्यातही चालते. आधी माणसाला मोकळं करा आणि त्याला आधीपासून काय येतं ते विचारा. मग स्वतः करून दाखवा: एकदा नुसतं, एकदा पायऱ्या बोलत, एकदा कारणं सांगत. तिसऱ्या टप्प्यात त्याला करू द्या. चौथ्यात त्याला एकट्याला सोडा, पण अडलं तर कुणाकडे जायचं ते नावानिशी सांगा आणि अधूनमधून नजर टाका.

सगळ्यात जास्त घाई तिसऱ्या टप्प्यात होते. "समजलं ना?" असं विचारलं की समोरचा मान डोलावणारच, त्याला नोकरी टिकवायची असते. त्यापेक्षा म्हणा, "आता तू मला शिकव." गल्ल्यावरचा मुलगा 'पैसे आले' हे गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट बघून ठरवतो, की आपल्या साउंडबॉक्सवर किंवा खात्यात बघून, हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुन्हा करून घ्या. ताजं शिकलेलं रात्रीतून बरंच उडून जातं.

मराठी वाचता न येणारी माणसं असतील तर कागदाचा आग्रह धरू नका. मावशींच्या हातांचा दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ, त्यांच्याच आवाजात, कामाला येतो.

शिकवणाऱ्याचं काय?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. जुन्या माणसाला मनातून भीती असते की याला सगळं शिकवलं तर आपली गरज संपेल. मग तो शिकवतो, पण एक गोष्ट हातची राखून. शिकवण्याचे वेगळे पैसे द्या, आणि चार लोकांसमोर 'हे मावशींनी तयार केलेलं माणूस' असं म्हणा. शिकण्याचा वेळही कामाच्या तासांतच धरा. साडेनऊला गाळा बंद झाल्यावर अर्धा तास थांबवून शिकवलं, तर माणसाचं लक्ष विरार लोकलकडे असतं.

'शिकवलं की पळतो' ही तक्रार अगदीच खोटी नाही. मात्र काम शिकला त्याच महिन्यात पगार थोडा तरी वाढला, तर पळण्याचं एक मोठं कारण कमी होतं. पगार किती आणि कधी वाढेल ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

बाहेरची मदत

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. केंद्राच्या शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरकार उचलतं, नोंदणी ऑनलाइन होते. यंत्रकामाची मुलं हवी असतील तर जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन तिथे शिकवणाऱ्या निदेशकांना प्रत्यक्ष भेटा, फोनवर हे काम होत नाही. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, 'फॉस्टॅक' हे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण आहे. अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असा त्यांचा हिशेब आहे.

आणि फराळवाल्यांनी नवी माणसं गणपती गेले की लगेच घ्यावीत. दसरा उलटला की मावशींना मान वर करायला फुरसत नसते, शिकवणं तर दूरच.